पदवी झाली, प्रेस कॉलेजातच राहिली: मुद्राचित्रकारांना रेसिडेन्सी का लागते?

"चार वर्षं फी भरली, पोरगी फर्स्ट क्लासमध्ये पास झाली, आणि आता म्हणते तीन महिने बडोद्याला जाऊन राहते. अजून काय शिकायचं बाकी राहिलं जी?"

निकालाच्या मोसमात हा प्रश्न नागपुरातल्या पालकांकडून हमखास येतो. प्रश्न रास्त आहे. पेंटिंग करणारा मुलगा पदवीनंतर गच्चीवरच्या खोलीत ईझल मांडतो आणि कामाला लागतो. मुद्राचित्रण करणाऱ्याला ती सोय नाही. त्याचं निम्मं काम एका लोखंडी यंत्रावर, म्हणजे छपाईच्या प्रेसवर, होतं आणि ते यंत्र कॉलेजचं असतं. शेवटची ज्युरी, म्हणजे कामाची परीक्षा, आटोपली की त्या खोलीचं दार त्याच्यासाठी बंद. रेसिडेन्सी (ठरावीक मुदत राहून काम करायची सोय), फेलोशिप, इंटर्नशिप अशी जी नावं मुलांच्या तोंडी असतात, ती बहुतेक करून हे बंद दार उघडण्याच्या वेगवेगळ्या वाटा आहेत. कोणती वाट कुणासाठी आणि तिथे फसगत कुठे होते, ते पाहू.

## आधी मुद्राचित्रण

मुद्राचित्रण, म्हणजे मुलांच्या बोलण्यातलं ग्राफिक्स किंवा प्रिंटमेकिंग. यात चित्र थेट कागदावर काढत नाहीत. लाकूड, लिनो (कोरायला मऊ असा तक्ता), जस्ताचा किंवा तांब्याचा पत्रा, दगड नाहीतर ताणलेली जाळी, यावर ते तयार करायचं, शाई लावायची आणि ठसा कागदावर घ्यायचा. ठसा जिच्यावरून घेतात तिला सोयीसाठी सरसकट प्लेट म्हणू. लाकूड आणि लिनोमध्ये कोरून काढलेला भाग पांढरा राहतो, उरलेला उंच भाग छापला जातो. एचिंगमध्ये, म्हणजे पत्र्यावर आम्लाने रेषा खोदायच्या पद्धतीत, याच्या नेमकं उलट: खोल रेषेत बसलेली शाई कागद ओढून घेतो. लिथोग्राफीत दगड सपाटच असतो. तेल आणि पाणी एकमेकांत मिसळत नाहीत, एवढ्या भांडवलावर ही पद्धत आलोइस सेनेफेल्डर याने १७९६ च्या सुमारास बव्हेरियात शोधली. जाळीचं स्क्रीन प्रिंटिंग तर लग्नपत्रिकांमुळे सगळ्यांना ठाऊक आहे.

एचिंगचा एक ठसा काढायला काय लागतं ते जवळून पाहिलं तर पुढचं सगळं समजायला सोपं जाईल. पत्र्याच्या कडा आधी कानशीने घासून उतरत्या करतात, नाहीतर दाबाखाली त्या कागद आणि वरचं लोकरी फेल्ट दोन्ही कापून काढतात. मग पत्र्यावर मेण, राळ आणि डांबर यांचा पातळ थर चढवायचा आणि सुईने त्यात चित्र ओढायचं. सुई पत्र्याला कोरत नाही, फक्त थर खरवडते. पत्रा पाणी मिसळलेल्या नायट्रिक आम्लात सोडला की थर निघालेल्या जागी आम्ल धातू खातं. रेषेवर बुडबुडे जमतात, ते पक्ष्याच्या पिसाने हलकेच सारायचे, नाहीतर रेष खडबडीत येते. किती मिनिटं ठेवायचं? ते आम्लाच्या जोरावर, पत्र्यावर आणि हवेवर अवलंबून. नागपूरच्या मे महिन्यात पारा पंचेचाळीसला टेकतो तेव्हा तेच आम्ल डिसेंबरपेक्षा कितीतरी भराभर खातं.

पुढे थर धुऊन काढायचा, शाई रेषांत दाबून भरायची, कांजीच्या कडक जाळीदार कापडाने वरवरची पुसायची आणि शेवटी तळहाताला खडूची पूड लावून हाताने. जास्त पुसली तर रेष फिकी, कमी पुसली तर सगळं मळकट. आधीपासून भिजवलेला जाड सुती कागद टिपून प्लेटवर ठेवायचा, त्यावर फेल्ट, आणि प्रेसचं चाक फिरवायचं. आपल्याकडच्या उन्हाळ्यात तो कागद टेबलावरून प्रेसपर्यंत नेईतो कडांना सुकलेला असतो, म्हणून काम पहाटे उरकावं लागतं. हे व्हिडिओ पाहून येत नाही. चाक फिरवताना हाताला किती जोर लागला पाहिजे, हे शेजारी उभं राहून, दुसऱ्याच्या हाताकडे पाहूनच कळतं.

## छापलेलंच आहे, तर ती कॉपी नाही का?

गोंधळ उगाच होत नाही. महाराष्ट्रातल्या घराघरांत छापील चित्र पोचवलं ते राजा रविवर्म्याच्या प्रेसने. १८९४ मध्ये मुंबईत सुरू झालेली ही प्रेस पुढे लोणावळ्याजवळ मळवलीला गेली. तिथे आधी रंगवलेल्या चित्रांच्या प्रती निघत, मूळ चित्र वेगळं असे.

मुद्राचित्रकाराचं तसं नसतं. प्लेटवर शाई लावेपर्यंत चित्र अस्तित्वातच नसतं, त्यामुळे पंधरा ठसे काढले तर पंधराही मूळ चित्रं. त्या ठरावीक संख्येला एडिशन म्हणतात. ठशाखाली पेन्सिलीने ३/१५ लिहिलेलं दिसलं तर ते पंधरांपैकी तिसरं, शेजारी सही. एडिशन पूर्ण झाली की प्रामाणिक चित्रकार प्लेटवर आडवी रेघ मारून ती रद्द करतो. कॅनव्हासवरच्या चित्राचा फोटो काढून चांगल्या कागदावर डिजिटल प्रिंट काढायचा आणि त्यावर क्रमांक टाकायचा, हा धंदाही जोरात आहे. ते बेकायदा नाही, पण मुद्राचित्रणही नाही.

## मग प्रेस विकत का घेत नाहीत?

मध्यम आकाराची चांगली एचिंग प्रेस घ्यायची तर बोलणं लाखांत जातं. ती तिसऱ्या मजल्यावर चढवायची कशी, आम्लाचा धूर बाहेर काढायचा कसा आणि घरमालक ऐकेल का, हे पुढचे प्रश्न. शिवाय एकटा माणूस ती रोज वापरतही नाही. प्लेट तयार करण्यात पंधरा दिवस जातात, छापायला दोन. गहू घरोघरी असतो, पण गिरणी गल्लीत एक असली की भागतं. मुद्राचित्रणाची सामायिक कार्यशाळा ही तशी गिरणी आहे: प्लेट घरी करा, ठसे तिथे जाऊन काढा.

सामायिक जागेचा फायदा नुसता पैशाचा नाही. इंग्रज चित्रकार स्टॅनले हेटर याने १९२७ मध्ये पॅरिसला कार्यशाळा काढली, ती पुढे आतेलिए १७ नावाने ओळखली गेली. आंध्रातल्या चित्तूर जिल्ह्यातून शांतिनिकेतनमार्गे तिथे पोचलेला कृष्णा रेड्डी पुढे तिचा सहसंचालक झाला. एकाच प्लेटवरून अनेक रंग एका दमात छापायची व्हिस्कॉसिटी पद्धत जगात त्याच्या नावाशी जोडली जाते. शाईत तेल कमी-जास्त केलं की एक रंग दुसऱ्यावर चढतो किंवा त्याला दूर सारतो. मऊ आणि कडक रोलर वापरून वेगवेगळ्या खोलीवर वेगवेगळा रंग बसवता येतो. एका प्रेसभोवती डझनभर माणसं एकमेकांची फसलेली प्रिंट बघत उभी असतात तिथेच असले शोध लागतात. बंद खोलीत एकट्याला ते सुचणं कठीण.

## नावं अनेक, सोय वेगवेगळी

सामायिक कार्यशाळा म्हणजे वर सांगितलेली गिरणी. दिवसाचं किंवा महिन्याचं भाडं द्या, आपलं काम आपण करा. कुणी शिकवायला बसणार नाही.

रेसिडेन्सी म्हणजे ठरावीक मुदतीसाठी राहायला जागा आणि काम करायला स्टुडिओ. काही ठिकाणी मानधन आणि प्रवासखर्च मिळतो, काही ठिकाणी नुसता पलंग. मुदत पंधरा दिवसांपासून वर्षापर्यंत काहीही. इथे गृहीत असतं की तंत्र तुम्हाला येतं आणि तुमच्या डोक्यात एक काम आहे. ज्याला अजून एडिशन सारखी काढता येत नाही त्याने रेसिडेन्सीसाठी धडपडू नये, असं माझं मत आहे. त्याचा एक महिना तर प्रेसची ओळख होण्यातच जातो.

शिष्यवृत्ती आणि फेलोशिप यात पैसा मिळतो, जागा बहुतेकदा तुम्ही शोधायची. केंद्रीय संस्कृती मंत्रालयाच्या तरुण कलाकारांसाठीच्या शिष्यवृत्तीत वय १८ ते २५, महिना ५,००० रुपये आणि दोन वर्षं. त्यात ग्राफिक्स हा विषय आहे. अट अशी की गुरूकडे किंवा संस्थेत पुढचं प्रशिक्षण घ्यायचं. याच मंत्रालयाची कनिष्ठ फेलोशिप २५ ते ४० वयासाठी, महिना १०,००० रुपये, तीही दोन वर्षं, पण ती संशोधनाच्या प्रकल्पाला मिळते. नुसतं 'चित्रं काढीन' म्हणून भागत नाही.

प्रशिक्षण हा चौथा प्रकार, आणि आपल्याकडे सर्वांत दुर्लक्षित. इथे तुम्ही चित्रकार म्हणून जात नाही, छपाईचा कारागीर व्हायला जाता. अमेरिकेत १९५० च्या दशकात दगडावर लिथो छापून देणारे हात जवळजवळ उरले नव्हते. म्हणून जून वेन या चित्रकर्तीने १९६० मध्ये लॉस एंजेलिसला टॅमरिंड कार्यशाळा काढली. ती १९७० पासून न्यू मेक्सिको विद्यापीठात आहे आणि आजही तिथे मास्टर प्रिंटर घडवतात. मास्टर प्रिंटर म्हणजे दुसऱ्या चित्रकाराची एडिशन त्याच्या मनासारखी, पहिल्या ठशापासून शेवटच्यापर्यंत एकसारखी छापून देणारा माणूस. ज्याला कल्पनांपेक्षा यंत्राची आणि शाईची ओढ जास्त आहे, अशा पोराला आपण उगाच चित्रकार व्हायच्या मागे लावतो.

## नागपूरहून कुठे जाता येईल?

सगळ्यात जवळचं आणि सगळ्यात कमी विचारात घेतलं जाणारं ठिकाण म्हणजे खैरागड. तिथलं इंदिरा कला संगीत विश्वविद्यालय १९५६ चं. गाडीने राजनांदगावला उतरायचं आणि पुढे रस्त्याने. तिथे ग्राफिक्सचा स्वतंत्र विभाग आहे. पदव्युत्तर शिक्षणाकडे लोक डिग्री म्हणून बघतात. मुद्राचित्रकाराने ते दोन वर्षांची प्रेसची किल्ली म्हणून बघावं, तेही सरकारी फीमध्ये. याच कारणासाठी मुलं बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात किंवा शांतिनिकेतनच्या कला भवनात जातात. कला भवनाचा ग्राफिक्स विभाग सोमनाथ होर यांनी नावारूपाला आणला.

रात्रीच्या गाडीत बसलं की सकाळी भोपाळ. वास्तुकार चार्ल्स कोरिया यांनी बांधलेलं, १९८२ मध्ये उघडलेलं भारत भवन हे कलाकेंद्र मोठ्या तलावाच्या काठी आहे. त्याच्या ग्राफिक स्टुडिओने मध्य भारतातल्या कितीतरी हातांना पहिल्यांदा प्रेस दाखवली. पाटनगढ गावचा गोंड चित्रकार जनगढ सिंह श्याम याला चित्रकार जे. स्वामिनाथन यांनी तिथे आणलं, आणि भिंतीवर चित्रं काढणारा तो मुलगा ग्राफिक विभागात काम करू लागला. त्याच्या बारीक ठिपक्या-रेघांना छपाईचं माध्यम फार जुळून आलं.

बडोद्याला छाप ही मुद्राचित्रणाचीच कार्यशाळा १९९९ पासून आहे. अहमदाबादचं कनोरिया सेंटर फॉर आर्ट्स १९८४ चं, तिथे मुद्राचित्रणासाठी जागा आणि फेलोशिप असते. दिल्लीत ललित कला अकादमीचे गढी गावातले स्टुडिओ आहेत. अकादमीची प्रादेशिक केंद्रं चेन्नई, कोलकाता, लखनऊ आणि भुवनेश्वरलाही आहेत, आणि तरुणांसाठी शिष्यवृत्तीही आहे. खोज, इनलॅक्स यांसारख्या खासगी संस्थांच्या योजना सगळ्या दृश्यकलांसाठी असतात. तिथे तुमच्या तंत्रापेक्षा विचाराला जास्त भाव मिळतो, अर्ज त्या हिशोबाने लिहावा.

परदेशात फक्त मुद्राचित्रणाला वाहिलेल्या जागा आहेत. बेल्जियममधल्या कास्टरले गावचं फ्रान्स मासरील सेंटर १९७२ चं, एडिनबर्ग प्रिंटमेकर्स १९६७ चं. ब्रिटनला जायचं असेल तर चार्ल्स वॉलेस इंडिया ट्रस्टच्या मदतीची चौकशी करावी. पण पहिलीच उडी तिकडे मारायची गरज नाही. आधी देशात एखादी एडिशन पूर्ण केलेली असली, तर तिकडच्या निवड समितीला दाखवायला हातात काहीतरी असतं.

## पैसे मागतात म्हणजे फसवणूक का?

नाही. कित्येक चांगल्या जागा अर्जाचं शुल्क किंवा स्टुडिओचं भाडं घेतात. शाई, आम्ल, फेल्ट फुकट येत नाही. फुकट ते खरं आणि पैशाचं ते खोटं, हा निकष कामाचा नाही. पैसे कशाचे ते बघा. मोठी रक्कम मागायची, वर 'आंतरराष्ट्रीय प्रदर्शन आणि प्रमाणपत्र' द्यायचं, आणि प्रेसचा साधा फोटोही दाखवायचा नाही, असं असेल तर पाय काढता घ्या. प्रमाणपत्राने एडिशन छापली जात नाही.

जाण्याआधी फोनवर किंवा मेलवर विचारायचे प्रश्न साधे आहेत. प्रेसचा पाट किती रुंद आहे, म्हणजे केवढी प्लेट बसेल? आम्लाची वेगळी खोली आणि धूर ओढणारा पंखा आहे का? तंत्रज्ञ रोज असतो की आठवड्यातून एकदा? रात्री काम करता येतं का? कागद आपण आणायचा का? चांगला सुती कागद महाग, आणि प्रूफ, म्हणजे चाचणीचे ठसे, धरून एका एडिशनला तो ठरलेल्या संख्येपेक्षा बराच जास्त लागतो.

आणखी एक गोष्ट लेखी घ्यावी. बऱ्याच कार्यशाळा एडिशनमधला एखादा ठसा स्वतःच्या संग्रहासाठी ठेवतात. ती रीत आहे, त्यात काही वावगं नाही. पण अर्धी एडिशन ठेवतो म्हणाले, तर मग छपाईचा आणि कागदाचा खर्च त्यांनी उचलला पाहिजे. तो प्रकाशनाचा व्यवहार झाला, रेसिडेन्सी नव्हे. प्लेट आणि चित्राचे हक्क तुमच्याकडेच राहिले पाहिजेत.

## एकटं पाठवायचं कसं?

ही काळजी मुलींच्या आई-वडिलांना जास्त असते, पण मुलांच्या बाबतीतही ती असायला हवी. वर ज्याचं नाव आलं तो जनगढ सिंह श्याम २००१ मध्ये जपानच्या मिथिला म्युझियममध्ये राहून काम करत होता. भाषा परकी, घर दूर. तिथेच त्याने आत्महत्या केली. नावाजलेला, पॅरिसला प्रदर्शन झालेला चित्रकार होता तो. ही गोष्ट भीती घालायला सांगत नाही. पण रेसिडेन्सीच्या माहितीपत्रकात टेकडी, धुकं आणि कॉफीचा कप असतो, एकटेपणा नसतो.

म्हणून राहायची खोली स्टुडिओपासून किती लांब, त्या वेळी आणखी किती जण असतील, आजारी पडलं तर बघणारं कोण, मध्येच परत यावंसं वाटलं तर तिकिटाचं काय, हे सगळं आधी विचारावं. पासपोर्ट कायम स्वतःजवळ ठेवावा. आधी तिथे राहून आलेल्या कुणाशी बोलता येईल का, असं संस्थेलाच विचारा. चांगली संस्था स्वतः गाठ घालून देते. पहिला मुक्काम महिनाभराचा आणि रात्रीच्या गाडीने घरी परतता येईल एवढ्या अंतरावरचा असावा, हे बरं.

## यातून पोट भरतं का?

नुसत्या प्रिंट विकून सुरुवातीची वर्षं भरत नाही. मूळ चित्र असूनही प्रिंट कॅनव्हासपेक्षा स्वस्त विकली जाते, ही तिची अडचणही आहे आणि ताकदही: नोकरदार माणूस पहिलं चित्र विकत घेतो ते बहुधा प्रिंट असतं. उरलेलं उत्पन्न शिकवणं, कार्यशाळा घेणं, दुसऱ्यांच्या एडिशन छापून देणं यातून जमवावं लागतं. राज्याच्या कला संचालनालयाचं महाराष्ट्र राज्य कला प्रदर्शन, भारत भवनचं मुद्राचित्रांचं द्वैवार्षिक आणि ललित कला अकादमीने २०१८ मध्ये सुरू केलेलं प्रिंट बिनाले ही नाव होण्याची ठिकाणं. पण तिथेही पाठवायला नवं काम लागतं, आणि नव्या कामाला प्रेस.

## अर्जात मुलं कुठे मार खातात?

फोटोंमध्ये. फ्रेमच्या काचेत ट्यूबलाइट चमकत असते आणि एका कोपऱ्यात फोटो काढणाऱ्याचा मोबाइल दिसतो. काच काढा, सावलीत पण दिवसाच्या उजेडात काढा, कागदाची चारही टोकं दिसू द्या, आणि प्रत्येक चित्राखाली तंत्र, सेंटिमीटरमध्ये माप, साल आणि एडिशन लिहा. निवेदनात 'मी निसर्गावर प्रेम करतो' याऐवजी 'मला साठ सेंटिमीटर रुंद प्लेटवर तीन रंग छापायचे आहेत आणि एवढी मोठी प्रेस नागपुरात मला मिळत नाही' असं लिहिलं, तर वाचणाऱ्याला काहीतरी कळतं. इंग्रजी कच्चं असलं तर छोटी वाक्यं लिहा. अलंकारिक इंग्रजी लिहून घेतलेलं असलं की मुलाखतीत लगेच उघडं पडतं.

## निवड होईपर्यंत काय करायचं?

नागपुरात थांबूनही हात चालू ठेवता येतो. लिनो आणि लाकडाला प्रेस लागत नाही. कागदाच्या पाठीवर स्टीलच्या चमच्याने जोर देऊन घासलं की ठसा येतो. अॅक्रिलिकच्या शीटवर सुईने रेषा ओढून ड्रायपॉइंटची प्लेट घरीच तयार करता येते, छापायला तेवढी प्रेस शोधायची. सिव्हिल लाइन्समधल्या दक्षिण मध्य क्षेत्र सांस्कृतिक केंद्राच्या कला शिबिरांवर लक्ष ठेवावं. पत्रिका छापणाऱ्या स्क्रीन प्रिंटरकडे दोन महिने उभं राहिलं तर जाळी ताणणं आणि रंगावर रंग बरोबर बसवणं कॉलेजपेक्षा पक्कं येतं. तिथे चूक झाली तर गिऱ्हाईक पैसे देत नाही ना.

जुन्या छापखान्यांत अजून कुठे ट्रेडल मशीन धूळ खात पडलेलं दिसलं तर तेही कामाचं. लिनो एमडीएफच्या फळीवर चिकटवून एकूण उंची छपाईच्या खिळ्याइतकी (शिशाच्या अक्षराइतकी), म्हणजे २३.३ मिलिमीटर केली की ट्रेडलवर लिनोकटची एडिशन सुरेख निघते. मालकाशी बोलायला जाताना दुपारची वेळ मागा, शाई आणि कागद आपला न्या, आणि काम झाल्यावर रोलर धुवायला थांबा. धुतलेले रोलर बघूनच तो पुढच्या आठवड्यात पुन्हा येऊ देईल.